नळ्यांमागचा भाता

३ तारीख
आलो एकदाचा ऑर्गन दुरुस्तीला! खोली वरच्या मजल्यावर, हवेशीर. बाईंनी आल्या आल्या चहा दिला, तोही घोटभर नाही, मगभर.
ऑर्गन पाहून भान हरपलं. दिवाणखान्याची अख्खी भिंत नळ्यांची. वाजवणारा लागत नाही. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते, भोकातून हवा जाते आणि नळी बोलते. हवा पुरवणारा भाता तळघरात. बाईंचा नवरा गेल्यापासून ऑर्गन बंद आहे. घर विकण्याआधी एकदा ऐकायचाय, म्हणाल्या.
त्यांचे धाकटे दीर मात्र म्हणाले, कशाला उगाच? यांचाच घरावर डोळा असणार, मी ओळखलं. मी काही दूधखुळा नाही.

५ तारीख
भात्याच्या कातड्याला सात चिरा. उंदरांच्या नव्हेत, सरळ, पात्याने मारलेल्या. कुठंतरी पाणी मुरतंय. सरस लावून सातही ठिकाणी नवं कातडं चिकटवलं. जेवताना दिरांना सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला.

७ तारीख
दोन ठिगळं पुन्हा फाडलेली! माझ्या पोटावर पाय देतो काय हा माणूस? या खेपेला दुहेरी कातडं लावलं, तळघराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. बाईंना आज जिना चढताना धाप लागली. वयच ते.

८ तारीख
दिरांनी कबूल केलं. चिरा त्यांच्याच, आणि त्याआधी त्यांच्या भावाच्या. भाता आपोआप भरतो म्हणे, घरातल्या माणसांच्या श्वासाने. मला हसू आवरेना. ते वहिनींना हात धरून नेऊ बघत होते. त्या हटल्या नाहीत. शेवटी एकटेच बॅग घेऊन गेले. पीडा टळली.
संध्याकाळी मलाही धाप लागली. सरसाचा वास बाधला असेल.

९ तारीख
सकाळी ऑर्गन वाजला. भाता चालवणारी मोटर मी अजून जोडलेलीच नाही.
दीर परतला असं वाटून धावलो. दिवाणखान्यात बाई एकट्याच, खुर्चीत. तोंड उघडं. श्वास नाही.
डॉक्टर हृदय म्हणाले. दीर येईपर्यंत मी थांबायचं. मीच कातडं लावलं, हे कुणाला सांगू?

१० तारीख
भाता फुगलाय. घरात आता मी एकटाच —
दाराकडे निघालो. दोनदा. अर्ध्यात बसावं लागतं. हाक मारायला हवा पुरत नाही.
भीती वाटते. फार.

दुपार
तळघरात आहे. सुरी चालत नाही. दुहेरी कातडं — इतकं चांगलं काम आयुष्यात केलं नव्हतं —
दिरांसाठी: खिडक्या फोडा. आत येऊ न
वर कागद फिरायला लागला. अजून एक चीर, एवढीशी तरी —
पातं रुतलं. आता जोर ला