फोनवर मोजलेलं पाऊल

१८ नोव्हेंबर, मंगळवार
संस्थेच्या मॅडम घर पाहून गेल्या. नितीन-रुपालीनं लेकरू दत्तक घ्यायचा अर्ज भरला त्याले दोन वर्षं होतील, तेव्हा कुठं आल्या. स्वयंपाकघर पाह्यलं, संडास पाह्यला, गच्चीचा कठडा हलवून पाह्यला. मग माझ्याकडे वळल्या. "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?"
सूनबाई माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. मी म्हणलं, "माझं काय, यांचं घर, यांची मर्जी. पण कोणाचं लेकरू, कुठलं लेकरू, काही पत्ता तर लागला पाहिजे ना."
मॅडमनं ते लिहून घेतलं.
त्या गेल्या तशी रु. उठली, कपबशा उचलल्या अन् आत गेली.

१९ नोव्हें.
नि. बूट घालता घालता बोलला. "आई, तुह्या एका वाक्यावर आमचं सारं अटकू शकते, माहीत आहे का तुले?"
मी म्हणलं, सहज बोलली रे.
सहज नाही. इथं तरी खोटं काहून लिहू? मनात होतं तेच तोंडातून निघालं. कुही तालुक्यातल्या खेड्यात जिंदगीभर अंगणवाडी चालवली. शेंबडी, उघडी, कोणाकोणाची पोरं मांडीवर घेतली, खिचडी भरवली. तेव्हा कधी विचारलं नाही कोणाचं म्हणून. घरात लेकरू येते म्हणलं तर विचारलं. लाज वाटते स्वतःची.

२४ नोव्हें.
थंडी पडली चांगली. शाल काढायले पेटी उघडली तर लोकरीची थैली हाती लागली. दर हिवाळ्यात अंगणवाडीतल्या पोराईसाठी टोप्या विणायची, त्यातलं उरलेलं. लिंबाएवढे गोळे. हळदी रंग, मोरपंखी, मेंदी, थोडासा लाल. एकाही गोळ्यात टोपी होत नाही. मोजे होतील.
कोणाचे, ते लिहीत नाही.
आमच्याकडे लेकरू हातात येईस्तोवर त्याच्यासाठी काही शिवत-विणत नाही. नजर लागते म्हणतात. म्हणून दार लोटून बसली. रु.ले वाटत असेल म्हातारी रुसली.

२७ नोव्हें.
बाथरूममधून रु.च्या रडण्याचा आवाज. धावत गेली तर नि. दाराशी उभा, फोन हातात, तोही रडून राहिला. म्हणलं, काय झालं रे बापा!
"मॅडमचा अहवाल चांगला गेला. मुलगी आहे, आई. चौदा महिन्यांची. आम्ही हो म्हणलं."
फोटो दाखवला. बारीक कापलेले केस, कपाळावर टिकली, एक पाय उघडा. दुसऱ्यातला मोजा ती स्वतः ओढून राहिली. मोठी डांबरट दिसते.
रु. बाहेर आली, तोंड पुसलं, माझ्या बाजूनं निघून गेली. मले सांगतलं नाही तिनं. सांगणार तरी कशी?

२९ नोव्हें.
नि.ले म्हणलं, पायाचं माप मागव. "काहून?" मागव म्हणलं ना!
संस्थेतल्या ताईनं कागदावर पाय ठेवून पेन फिरवला अन् त्याचा फोटो पाठवला. नि. आंघोळीले गेला तसा मी फोन टेबलावर ठेवला, सुई लावून माप घेतलं. माझ्या करंगळीएवढा पाय!
चौदा महिन्यांच्या लेकराचा पाय एवढूसा? आमच्या अंगणवाडीत असं लेकरू आलं असतं तर मी त्याच दिवशी दवाखान्यात धाडलं असतं. खाऊ घालत नाहीत का तिले? डोळ्यांत पाणी आलं. दुपारी नाचणी भिजवली. मोड आणून पीठ करून ठेवते. तूप घालून महिन्याभरात बाळसं आणीन.

२ डिसेंबर
नाचणी वाळली. पहिला मोजा झाला. हळदी, टाच मोरपंखी. माझ्या अंगठ्यात बसते. पाहून जीव तुटते.

३ डिसें., बुधवार
दार नीट लोटलं नव्हतं. रु. कपडे ठेवायले आली अन् हातात सुया पाह्यल्या.
"हे काय आई? बाहुलीचं?"
"तिचं."
मोजा हातात घेतला तिनं. बोटात घालून पाह्यला. "एवढं लहान?" मग मी बोलून टाकलं सारं. माप, फोन, कुपोषण, नाचणी. रु. माझ्याकडे पाहतच राहिली. "अहो आई, फोटोवरून माप घेतलं तुम्ही? फोटो स्क्रीनएवढाच दिसते! हत्तीचा पाय काढला असता तरी एवढाच दिसला असता!"
अन् हसली. पलंगावर बसून, पोट धरून हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मलेही हसू आलं. मेलं, अक्कल कुठं गेली होती माझी.
मग हसणं थांबलं. म्हणाली, "येईस्तोवर काही विणत नाहीत ना आपल्यात?"
म्हणलं, "ते पोटातल्या लेकराचं. हिले येऊन चौदा महिने झाले. आपणच उशिरा पोचून राहिलो."
ती खाली पाहत होती. मी म्हणलं, "त्या दिवशी वाईट बोलली मी. चुकलं."
"हो," म्हणाली. एवढंच. कपडे ठेवले अन् गेली. बरोबर आहे. माफी मागितली म्हणजे लगेच मिळते असं थोडीच आहे.

४ डिसें.
सकाळी रु.नं फोन आणून समोर धरला. नवा फोटो. कागदावरच्या पावलाच्या बाजूले माचिस ठेवलेली. "आता घ्या माप." स्वतःच सांगून काढवला तिनं.
दोन माचिशी अन् वर बोटभर. चांगली तब्येत आहे पोरीची! छोटा मोजा उसवला, परत टाके घातले. लोकर पुरत नाही, म्हणून टाचेपासून पुढं मेंदी.

८ डिसें.
जोडी झाली. एकाही मोज्याचा रंग एकसारखा नाही. उद्या पोरीले आणायले जायचं, रु.च्या पिशवीत ठेवली.

९ डिसें., मंगळवार
आणली! संध्याकाळी पाचले. सारखी रडून राहिली. रु.च्या खांद्यावरून दाराकडे हात करते. तिथल्या ताईले शोधून राहिली असंन. मी दुरूनच पाह्यलं. दोन्ही पायांत मोजे होते.

१२ डिसें.
चौथा दिवस. रु. जवळ घेते, ही अंग कडक करते अन् किंचाळते. दूध तिच्या हातचं घेत नाही, नि.च्या हातचं थोडं घेते. रु.चा चेहरा पाहवत नाही. "मी तिले नको आहे आई," म्हणाली. म्हणलं, अवं, अंगणवाडीत नवीन लेकरू पंधरा-पंधरा दिवस रडते, माय बाहेर बसली असली तरी. हिनं तर सारं गाव सोडलं. पण रु.ले काही पटलं नाही.

१३ डिसें., शनिवार
आज झालं ते असं. रु. बाटली धुवायले गेली होती. मी खाली बसून मटार सोलत होती, पोरीकडे न पाहता. नव्या लेकराकडे पाह्यचं नसते, आपलं काम करत राहायचं, तेच येते. ही आली. रांगत आली, मटाराचं सालपट उचललं, मग माझ्या मांडीवर चढली अन् डोकं टेकवलं. गरम, जड डोकं. मी श्वास रोखून बसली. एवढा आनंद मले नि. झाला तेव्हाही झाला नसंन.
वर पाह्यलं तर दारात रु., हातात बाटली. डोळे भरलेले.
अजून थोडा वेळ बसावं वाटत होतं. लई वाटत होतं. पण उठली. म्हणलं, "ये इथं, बस. माझ्या जागेवर बस." पोरगी तिच्या मांडीवर दिली, मटाराचं ताट पुढं सरकवलं अन् बाहेर आली.
मागून किंकाळी फुटली. "आई, परत या!" रु. ओरडली. मी जिन्यात उभी राहिली, कठडा धरून. आत गेली असती तर माझ्याजवळ चूप झाली असती पोरगी. नाही गेली.
बऱ्याच वेळानं रडणं बारीक झालं. मग मटाराची एक शेंग फुटल्याचा आवाज आला. कोण सोलून राहिलं, ते पाह्यलं नाही मी.