ऐंशी गाठोडी

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू नुसतं बरं बरं करतेस, म्हणून हे पत्र.

नोकरी सांभाळून एम.बी.ए. करायचं खूळ डोक्यात शिरलं त्याला दीड वर्ष झालं. अजून दीड बाकी आहे. दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी मोजायच्या आणि संध्याकाळी वर्गात पेंगायचं. दिवसा शिकणारी मुलं दोन वर्षांत मोकळी होतात, कंपन्या त्यांना न्यायला दारात येतात. त्या मुलाखतींना आम्हाला बसूच देत नाहीत. का, तर म्हणे तुम्हाला नोकरी आहे! शाळेच्या नाटकात लेक झाड झाली होती, तेही चुकलं. तिने झाडाचा पोशाख घडी करून कपाटात ठेवून दिला, याचंच जास्त वाईट वाटलं.

गटाने प्रकल्प करायचा होता, विषय होता काम कुठे अडतं ते शोधा. पाच जणांच्या पाच पाळ्या, एकत्र बसणार कधी? शेवटी मी एकटीनेच लिहिला. वॉर्डांतून मळक्या चादरींची रोज ऐंशी गाठोडी येतात. प्रत्येकाला करकचून दुहेरी गाठ असते, ती सोडण्यात आमच्या एका बाईची अख्खी सकाळ जाते, आणि तिकडे ऑपरेशन थिएटर धुतलेल्या चादरींसाठी खोळंबतं. मोठ्या कंपनीचं उदाहरण नाही म्हणून सरांनी मला काठावर पास केलं.

आता खरं दुखणं सांगते. आमचे मॅनेजर निवृत्त होताहेत. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. ती खुर्ची मला हवी आहे, तुझ्यापासून काय लपवायचं? पण हॉस्पिटलला एम.बी.ए. झालेलं माणूस हवंय आणि माझं अर्ध्यावर. आमच्याच कॉलेजातून दिवसा शिकून बाहेर पडलेल्या एका पोराने अर्जही केलाय. मी अर्ज करत नाही, आणि कॉलेजही सोडावं म्हणते.

रागावू नकोस एवढंच मागणं.
तुझी,
खार

११ ऑगस्ट

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

रागावले आहे. टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांची रडगाणी जोडून दिली. कान गेले तेव्हा वाटलं सुटले, तर आता तू लिहून पाठवायला लागलीस!

गाठींचं पुढे काय केलंस ते पत्रात कुठेच नाही. कागदावर लिहिलंस आणि गप्प बसलीस? त्या पोराला शिकलेलं वापरायला नोकरी लागेपर्यंत थांबावं लागतंय. तू सोमवारी संध्याकाळी शिकतेस ते मंगळवारी सकाळी करून बघू शकतेस. तुमच्याकडे फाटक्या चादरी आहेत, शिलाई मशीन आहे. डोकं मात्र तुझं तुलाच वापरावं लागेल.

अर्ज कर. नाही केलास तर मी येऊन भरीन, आणि माझं अक्षर तुला ठाऊक आहे.

लेकीला सांग, आत्याआजीला झाड बघायचंय.
तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
आत्या

२९ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, झालं! खुर्ची मिळाली!

तुझं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी गाठोड्यांऐवजी वॉर्डांना द्यायला फाटक्या चादरींच्या नाडीवाल्या पिशव्या शिवायला घेतल्या. ओढली नाडी की पिशवी उघडी. गेला महिनाभर ऑपरेशन थिएटरला सकाळी चादरींसाठी एकदाही थांबावं लागलेलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी मात्र मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेत होते. फाईल ऐन वेळी फाटली, म्हणून सगळे कागद उशीच्या अभ्र्यात गुंडाळून बांधले. हाताच्या सवयीने नेमकी तीच दुहेरी गाठ मारली. समोर मोठ्या सर्जनबाई होत्या. त्यांनी माझे कागद बघायला घेतले आणि गाठीशी झटापट सुरू केली. जन्मभर टाके घालणारी बाई, पण गाठ हलेना. शेजारच्या डॉक्टरांनीही नखं मोडून घेतली. मग एकदम सुचलं. घड्याळ बघून सांगितलं की दोन मिनिटं झाली, आणि आमच्याकडे अशी रोज ऐंशी गाठोडी यायची. हेही कबूल केलं की ही गाठ वॉर्डांना मीच शिकवली होती, कारण तेव्हा लिफ्टमध्ये चादरी सांडायच्या. माझीच चूक मला अकरा वर्षं दिसली नाही, ती संध्याकाळच्या वर्गात दिसली. सर्जनबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले.

त्या पोराने नव्या मशीनचे रंगीत तक्ते आणले होते. बाहेर भेटला तेव्हा म्हणाला, त्याने लाँड्री आतून कधी पाहिलीच नव्हती. मग मी त्याला सगळी फिरवून दाखवली.

एक अट आहे, एम.बी.ए. पुरं करायचं. म्हणजे अजून दीड वर्ष पेंगणं आलंच. पण लेकीने झाडाचा पोशाख घालून मला सगळं नाटक पुन्हा करून दाखवलं. झाडाला एकच वाक्य होतं, ते तिने चारदा म्हटलं.

सोबत एक पिशवी तुझ्यासाठी शिवली आहे. नाडी ओढून बघ.
तुझी आणि लाँड्रीची,
खार

५ ऑक्टोबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, आणि वर दोन जास्तीचे.

पिशवी ओढली, उघडली, परत बंद केली. सकाळपासून हेच चाललंय. शेजारीण विचारत होती मला काय झालंय. तिला तुझं पत्र वाचायला दिलं.

पदवीदान समारंभाला मी येणार, पहिल्या रांगेत बसणार. तुझं नाव पुकारतील ते मला ऐकू यायचं नाही. तू उठलीस की मला कळेल.
तुझी,
आत्या