तिसऱ्या ठोक्याला

चिरंजीव लिओनिदास यास वडील बंधू एवारिस्तोचे आशीर्वाद.

तुझे गुडघे व चि. सौ. ऑर्फिलियाचा दमा ठीक असावेत, असे गृहीत धरतो. तसे नसते, तर काली शहराहून तिचे पत्र आले असते. माझ्या खुब्याच्या शस्त्रक्रियेबद्दल तुझ्या कानी अतिरंजित वृत्त जाण्यापूर्वी वस्तुस्थिती क्रमाने मांडणे मला इष्ट वाटते.

माझ्या मांडीच्या हाडात सिमेंट न लावता धातूचा खुंट ठोकून बसवला आहे. हाड कालांतराने त्याला धरते म्हणतात. तोवर तो केवळ घट्टपणावर उभा. तेव्हा तो पक्का बसला की नाही, हे ठोकतानाच ठरवावे लागते, आणि मला कमरेखालीच बधिर केलेले असल्यामुळे हा निर्णय माझ्या अनुपस्थितीत होणे शक्य नव्हते. डॉक्टर आम्पारो (बाई पास्तो शहरच्या, त्यामुळे हट्टी) ठोकता ठोकता म्हणाल्या, "आवाज बदलला. पुढेही सरकत नाही. पिळून पाहिला, तर अख्खा पायच वळतो. बसला."

मी पडद्याआडून निदर्शनास आणले की ही तीन लक्षणे झाली. पुरावा एकही नाही.

"पुरावा तुम्ही चालाल तेव्हा, प्रोफेसर एवारिस्तो. आणखी ठोकला तर हाड तडकेल. मग घाला वाद, बसल्या जागी."

हे उत्तर तर्काला धरून नव्हते, परंतु हातोडा त्यांच्याकडे होता. शेवटची खात्री म्हणून त्यांनी सारख्या अंतराने तीन ठोके दिले. आता 'तिसऱ्या ठोक्याला उचला' या नियमाने गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत पवित्र थडग्याच्या पालखीखाली चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला तीन ठोके ऐकवणे कितपत शहाणपणाचे, हे तूच ठरव. तिसऱ्या ठोक्याला मी खांदे उचलले. (वीतभर. अधिक नाही.) पडदा भुलतज्ज्ञाच्या अंगावर पडायला हवा होता, परंतु हा भुलतज्ज्ञ आपल्याच गावचा उल्पियानो, संत योहानाच्या पालखीचा डावा मागचा भोई. तो त्याच क्षणी गुडघ्यांत वाकून सलाइनचा स्टँड खांद्यावर घेऊन उभा राहिला होता.

"कोण हललं?" डॉक्टर ओरडल्या.

"दोघंही," परिचारिका म्हणाली.

"प्रोफेसर, काय करू?" उल्पियानो कुजबुजला, "तिसऱ्या ठोक्याला खाली राहणं जमतच नाही हो मला."

"आधी तो स्टँड खाली ठेवा, मिरवणूक संपली!" असे म्हणून डॉक्टरांनी खुंट पुन्हा पिळून पाहिला. "एवढ्या उठाठेवीत केसभर हलला नाही. घ्या तुमचा पुरावा. आता गप्प पडा."

तात्पर्य, खुंट पक्का आहे. सहा आठवडे कुबड्या वापराव्यात, असे डॉक्टरांचे मत असून गुड फ्रायडे चार आठवड्यांवर आहे. त्या मताची मी नोंद घेतली आहे. चिंतेचे कारण नाही.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. काल अंगणात मी स्वतः प्रयोग केला. दारावर तीन ठोके देवविले व नियमाप्रमाणे उठलो. खुंट जागचा हलला नाही. मी कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडलो. म्हणजे खुंटाच्या स्थैर्यावरून माणसाचे स्थैर्य सिद्ध होत नाही.

पुन्हा ता. क. गुड फ्रायडेला आपल्या घरचा खांदा दांड्याखाली नसेल, तर आजोबांपासूनची ती जागा बाराओना कसायाकडे जाते. त्याने अंगरखा शिवायला टाकल्याचे समजते. भर मिरवणुकीत खांदा काढणाऱ्याने 'कोको मागितला', म्हणजे हार मानली, असे आपल्याकडे म्हणतात, हे तुला सांगायला नको. बावीस वर्षांपूर्वी याच कारणासाठी यादीतून तुझे नाव मी कमी करविले. त्या वेळचा माझा युक्तिवाद पुन्हा तपासता त्यात एक दोष आढळला: कोको मागणारा मनुष्य जात्याच डळमळीत असतो, हा सिद्धान्त मी एकाच उदाहरणावरून काढला होता. तुझे नाव काल मी स्वहस्ते यादीत घातले आहे. गुरुवारच्या बसने ये. अंगरखा माझाच घाल, लांबीला थोडा आत घ्यावा लागेल.

आता उदाहरणे दोन झाली, लिओनिदास. मी कोको मागतो आहे.

(एवढे शेवटचे वाक्य ऑर्फिलियाला वाचून दाखवू नये.)