लुसियाच्या आईची लेस

४ मार्च
स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची लेस गायब. घर पालथं घातलं. मंदार जेवता जेवता म्हणतो, "ती होय? पीटरच्या नव्या घरी दिली." पीटर म्हणजे ह्याचा मॅनेजर. "ऐन वेळी काय नेणार? नुसती लटकत तर होती."
किळस आली. आपल्याकडे ब्लाउजपीस दहा घरं फिरतात, मान्य. मीही फिरवलेत. पण हे कुणाच्या तरी आईच्या हातचं!

५ मार्च
म.शी अबोला. वरच्या मजल्यावर लुसिया राहते, पॅराग्वेतल्या इताउगुआची. तिथे घरोघरी बायका ही लेस विणतात. ताणलेल्या कापडावर सुईने चक्रं भरायची, खळ द्यायची, वाळली की खालचं कापड कापून टाकायचं. आईने दिलेली एकुलती एक होती, ती लुसियाने मला दिली. आणि मी नवऱ्याच्या हाती लागेल अशी टांगली.

९ मार्च
कळस झाला. पीटरच्या बायकोचा मेसेज: "तुमच्या सासूबाईंची कला अप्रतिम!" म्हणजे ह्याने चक्क आईने विणली म्हणून सांगितलं. जाब विचारला तर हसतो. "खूश झाले ना ते?" सासूबाई फोनवर, "असू दे गं, मीही क्रोशाचे रुमाल विणायचेच की." शी! अख्खं घराणं एका माळेचे मणी.

१४ मार्च
लुसियाची आई गेली. हिला जाता आलं नाही. दारात आली, डोळे सुजलेले. "रविवारी फोटोपुढे प्रार्थना आहे. आईची लेस खाली अंथरायची होती. एका दिवसापुरती देशील?"
मी हो म्हटलं. 
म.ला सांगितलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता, "सांग ना, धुताना फाटली." ह्या माणसाला मी रोज गरम पोळी वाढते.

१५ मार्च, शनि.
ट्रेनमध्ये. पीटरकडे चाललेय. म.चा फोन आला. "ऑफिसात तोंड कसं दाखवू मी? तू गेलीस ना, तर..." पुढचं ऐकलं नाही, ठेवून दिला.
खरं तेच सांगून मागणार. येतेय एवढंच कळवलं होतं, तर पीटरच्या बायकोने कौतुकाने फोटो पाठवलाय. लेस फ्रेममध्ये. हलू नये म्हणून मागे पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवलीय म्हणे, अगदी घट्ट.
लुसियाचा मेसेज: "सकाळी येऊ न्यायला?"