डोळे धुवायचं पाणी

उस्ताद,

तुमच्या घरी फोडणी अंगणात द्यायचे. आत चूल होती, वर धुराडंही होतं, तरी तेल तापलं की काकू कढई फडक्यात धरून बाहेर लिंबाखालच्या तीन दगडांवर न्यायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, ह्यांना मिरचीचा खकाणा सोसत न्हाई. का सोसत नाही, हे तुमच्याकडं आलो त्या दिवशी पाटावर जेवायला बसलेल्या मला माहीत होतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. आज लिहायला बसलोय, कारण उद्यापासून माझ्या अंगावर खाकी नसेल, आणि आज दुपारी मी माझी शेवटची तुकडी अश्रुधुराच्या तंबूतून बाहेर काढली.

हो, मीही उस्ताद झालो, रिक्रूटांना कवायत शिकवणारा. तुकडी आत जाण्याआधी मी टिपाडातलं पाणी तांब्यात घेतो, हुंगतो आणि आधी स्वतःच्या उघड्या डोळ्यांत मारतो. माझी ही खोड सगळ्या ग्राउंडला ठाऊक आहे. आज नांदेडकडचा एक रिक्रूट मागून बोललाच, "उस्ताद, नळकांडी फुटायच्या आधीच तुम्ही कशाला रडून राहिले?" सगळी रांग हसली. मीही हसलो. तुम्ही असता तर त्याला ग्राउंडचे दोन चक्कर मारायला लावले असते आणि पाठ फिरवून हसला असता. पण त्याने विचारलं ते खरंच होतं, आणि त्याचं उत्तर मला त्या रांगेपुढं देता येत नव्हतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ताजा होता आणि विहिरींचे तळ दिसत होते. मी निलंग्याचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्गातल्या एका मुलीवरून तिच्या मावसभावाचं डोकं मी कॉलेजच्या फाटकात फोडलं, आणि प्राचार्यांनी माफीचा कागद पुढं केला तो त्यांच्यासमोरच टराटरा फाडला. कॉलेज तिथंच संपलं. वडील म्हणाले, "हाणामारीच करायची तर पगार घेऊन कर." नव्या जिल्ह्याला शिपाई पाहिजे होते, माझी छाती मापात बसली. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "किती शिकला?" मी म्हणालो, "अर्धं कॉलेज, उस्ताद." तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. "कोणतं अर्धं? वरचं का खालचं?" तेव्हापासून माझं नाव गेलं आणि मी सगळ्यांचा 'कॉलेज' झालो.

गॅसच्या दिवसाबद्दल तुम्ही आधी आठ दिवस सांगत होता. बंद तंबूत अश्रुधुराची नळकांडी फोडायची, दहा-दहा जणांनी मास्क लावून आत जायचं, तुमच्या इशाऱ्यावर मास्क काढायचा, आपला बक्कल नंबर आणि गावाचं नाव ओरडायचं, आणि चालत बाहेर यायचं. पळायचं नाही. बाहेर आल्यावर वाऱ्याकडं तोंड करून हात पसरून उभं राहायचं, मग पाण्यानं डोळे धुवायचे. "डोळ्याला हात लावायचा न्हाई. ज्यानं डोळा चोळला त्याचा हात मी मोडीन, आन् मग दवाखान्यातबी मीच नेईन." आत पंचवीस आकडे मोजायचे, त्याच्या वर एक नाही. तुम्ही मात्र प्रत्येक तुकडीबरोबर स्वतः आत जायचात, आणि तेही बिनमास्कचे. कुणीतरी कारण विचारलं होतं. "माझ्या तोंडाला मास्क असल तर पोरांनी त्यांचा का काढावा?" मातीची चिमूट हवेत सोडून वारा बघायचात आणि तंबूत शिरायचात, बाजाराला निघाल्यासारखे.

पाण्याचा टँकर आदल्या दिवशी आला. प्यायच्या पाण्याचं एक टिपाड आणि दुसरं गॅससाठी. दुसऱ्याला तुम्ही लाल फडकं बांधलंत. "हे डोळे धुवायचं पाणी हाय. ह्याला जो हात लावंल त्यानं घरचा रस्ता धरायचा." आणि पाण्याची सकाळची राखण दिली माझ्याकडं. कॉलेज शिकलेला आहे, त्याला समजतं, म्हणालात.

त्याच सकाळी ती, माझ्या वर्गातली, लातूरवरून जाणार होती. लग्न ठरलं होतं तिचं. घरच्यांबरोबर नांदेडला लग्नाचे कपडे घ्यायला, बस्ता काढायला निघाली होती. तिच्या मैत्रिणीनं निरोप पोचवला होता, की गाडी नऊच्या सुमारास लातूरच्या स्टँडवर थांबंल, बघायचं असल तर बघ. उस्ताद, आम्ही कुणीच नऊ दिवस आंघोळ केलेली नव्हती. माझ्या बनियनला मिठाचे नकाशे पडले होते. मी बाजारातून चंदनाच्या साबणाची वडी आणून ठेवली होती. सहा वाजता टिपाडाजवळ मी एकटा होतो. तुम्ही पलीकडं तंबूच्या खुंट्या ठोकत होता, त्याचा ठणठण आवाज येत होता, आणि त्या आवाजाच्या तालावर मी लाल फडक्याची गाठ सोडली.

दोन बादल्या घेतल्या. आंघोळ केली, पांढरा शर्ट धुतला. आता हे बाहेरच्या माणसाला कसं समजावं, पण त्या वर्षी आमच्याकडं आंघोळीचं पाणी कुणी सोडतच नव्हतं. टबात उभं राहून आंघोळ करायची, खाली साचेल ते म्हशीला नाहीतर झाडाला. पाणी जमिनीवर ओतायला हातच उठायचा नाही. आई तर भांडी धुतलेलं पाणीही तीनदा वापरायची. मी मेसमधल्या जस्ताच्या टबात उभा राहिलो होतो, पाणी सगळं टबात होतं, आणि टिपाड चांगलं वीतभर खाली गेलेलं दिसत होतं. मी टब उचलला आणि पाणी परत टिपाडात ओतलं. फडकं बांधलं. शर्ट वाळतोय तोवर तुमच्याकडं येऊन गाल धरून उभा राहिलो. "उस्ताद, दाढ ठणकून राहिली." तुम्ही खुंटीवरून मान न उचलता म्हणालात, "तिसऱ्या तुकडीच्या आत ये." मेसच्या आचाऱ्याची सायकल घेतली आणि निघालो.

गाडी आली. ती खिडकीत होती. शेजारी तिची मावशी डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन ऐकत होती. मी काय काय ठरवून आलो होतो, तोंडातून एवढंच निघालं, "पळून चल." ती म्हणाली, "कुठं? तुझ्या बराकीत?" मग नाक मुरडलं. "आन् अंगाला काय वास मारून राहिला! लग्न माझं हाय का तुझं?" मावशीचे मिटलेले डोळे हसले. तिचे डोळे मात्र भरले होते, ते मी पाहिलं. कंडक्टरनं घंटी मारली. तिनं काच ओढून घेतली. एवढ्यासाठी, उस्ताद. एवढ्यासाठीच.

परत येतोय. फाटकापासूनच कळतं की काहीतरी बिनसलंय. तंबूतून बाहेर आलेली पोरं खोकतात, शिव्या देतात, एकमेकांची शेंबडी तोंडं बघून हसतात, असं तुम्ही सांगितलं होतं. इथं हसणं नाही. इथं बैल डागताना निघतो तसला आवाज आहे. पहिली तुकडी टिपाडाभोवती जमिनीवर लोळतेय. शिकवलं तसं त्यांनी डोळे ताणून उघडून तांबे मारले होते, आणि आधीच जळणाऱ्या डोळ्यांत साबण गेला होता. आता सगळे दोन्ही मुठींनी डोळे चोळतायत. वारा पडलाय. धूर तंबूच्या दारात तसाच बसून आहे, सांडल्यासारखा. आणि माझ्या शेजारच्या खाटेवरचा, औशाकडचा एक सडपातळ गडी, त्याला काहीच दिसत नाही, तो हात पुढं करून पळत सुटतो आणि थेट तंबूतच शिरतो. दुसऱ्या तुकडीसाठी तुम्ही आत नवी नळकांडी नुकतीच फोडलेली असते.

तुम्ही टोपी फेकलीत आणि त्याच्यामागं गेलात. आत तो मधल्या खांबावर आदळला असावा. तंबू हळूच गुडघे टेकल्यासारखा खाली बसला, तुमच्या दोघांवर. कापडाखाली कोणीतरी फिरत होतं, इकडं फुगवटा, तिकडं फुगवटा, शिवणीतून पांढरं काहीतरी झिरपत होतं. मी सायकल धरून फाटकातच उभा. पंचवीसपर्यंत मोजलं. पन्नास. शंभरच्या पुढं मोजणं सोडलं. कुणीतरी चाकूनं कापड फाडलं, आधी तो गडी बाहेर आला, तुम्ही मागून ढकललेला. त्याच्या मागं तुम्ही, हातांवर आणि गुडघ्यांवर, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. तुम्ही श्वास घ्यायचा प्रयत्न करत होता आणि आत जात होती ती फक्त शिट्टी.

अर्ध्या तासानं तुम्ही आम्हाला रांगेत उभं केलंत. डोळे सुजून बंद झाले होते तुमचे, एका हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही रांगेपुढून चालत होता. प्रत्येकापुढं थांबून विचारत होता, "दिसतं का रं? किती बोटं?" आणि स्वतःला न दिसणारी बोटं त्याच्यापुढं धरत होता. माझ्यापुढं आलात. बोटं वर आली नाहीत. नाकपुड्या हलल्या. माझ्या शर्टाला अजून चंदनाचा वास होता, तोच टिपाडातल्या पाण्याला होता. मला वाटलं, आता थप्पड बसणार, आणि देवाशप्पथ, बसावी असं वाटलं. तुम्ही हळूच विचारलंत, "दाढ ठणकायची राहिली का, कॉलेज?" "राहिली, उस्ताद." "बरं झालं," म्हणालात आणि पुढच्यापाशी गेलात.

चौकशी झाली. पाणी आधी तपासून घ्यायला पाहिजे होतं, ते घेतलं नाही, चूक माझी, असं तुम्ही लिहून दिलंत. तुमची बढती थांबली. बाकीच्यांचे डोळे चार दिवसांत बरे झाले, औशाचा गडी तर आता नातवंडं खेळवतोय. तुमचा खोकला मात्र गेला नाही. कवायतीची हुकूम देणारी हाक तुटून तीन तुकड्यांत यायला लागली. आमचा निरोप झाला त्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वडी हातात ठेवलीत. चंदनाचा साबण. "पाऊस पडला की वापर," म्हणालात. तुमच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला ती फेकून देता आली असती.

पाऊस पुढं पडला, पुष्कळ पडला. वडी ट्रंकेतच आहे.

पाचेक वर्षांनी किनवटकडं बंदोबस्त लागला आणि मी इस्लापूरला तुमच्या घरी आलो. सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्ही ओट्यावर बसला होता, लवकर निवृत्ती घेतलेले, गळ्याची हाडं वर आलेली. काकू कढई घेऊन बाहेर निघाल्या तसं तुम्ही अंगणातली माती चिमटीत घेऊन सोडलीत. "वारा तिकडून हाय. दगड हिकडं घे." काकू म्हणाल्या, "बघा, घरातबी कवायत! लग्न झाल्यापासून मला सावधान-विश्राम करून राहिलेत." आपण हसलो. तुमचं हसणं मध्येच खोकल्यात गेलं आणि किती तरी वेळ परत आलं नाही. मी आत भाकरी खात बसलो. काकूंनी पिठल्याचा डाव वाढता वाढता विचारलं, "तुमी तिथंच होता न्हवं त्या दिवशी? ते पाणी कुणी नासवलं, कळलं का कवा?" माझ्या तोंडात घास होता. तुम्ही दारातून बोललात, "टँकरमध्येच घाण आली होती. दुष्काळाचं पाणी ते. खाऊ दे त्याला." मी घास गिळला. दुसरी भाकरीही खाल्ली.

दोन पावसाळ्यांनी तुम्ही नांदेडच्या दवाखान्यात गेलात आणि तिथून आला नाहीत. मला वेळेवर कळलं होतं. मी रजा मागितली नाही. काकूही आता नाहीत, घराला दुसऱ्याचं कुलूप आहे. हा कागद कुठं टाकायचा नाहीच, ट्रंकेत त्या वडीखाली ठेवीन. वडीला तडे गेलेत. वास मात्र आहे अजून.

एवढं लिहिलं आणि तरी एक गोष्ट चोरलीच. इतकी वर्षं मी स्वतःशी म्हणत आलो की सवयीनं ओतलं, दुष्काळातला हात, साबणाचं ध्यानातच आलं नाही. तुम्हालाही तसंच वाटलं असेल, म्हणून सोडलंत. उस्ताद, टब रिकामा केल्यावर टिपाडात पाण्यावर फेस आला होता. मला दिसला होता. मी तो हातानं काठाला सारला, ओंजळीनं उचलून बाहेर टाकला, आणि मग फडकं बांधलं.