पाळण्यावरची बाई

बर्मिंगहॅम,
९ नोव्हेंबर १८३१

प्रिय वॉल्टरदादा,

तुला आणि ग्रिझेलवहिनीला नमस्कार. वहिनी लिहिताना हात जरा अडखळतो, पण सवय होईल. मी बरा आहे. इथल्या धुराने शिंकही काळी येते, बाकी तब्येत ठीक. शाळा तू शिकलास, मी नाही, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर हस. नाहीतरी हसतोसच.

लग्न झालं असेल. लग्नाचं उंच घड्याळ बैठकीत उभं असेल, आणि तबकडीवर ठसठशीत 'वॉल्टर ॲफ्लेक, केल्सो'. लोक म्हणाले असतील, वा, काय कारागीर! चाकं इथल्या ओतशाळेतली, तबकडी माझी, बाहेरची लाकडी पेटी बाबांची. तुझं त्यात नाव तेवढं, आणि तेही मीच रंगवलं.

पेटीचं मात्र खरं कौतुक. टॅम लोकरवाला इकडे आला होता, तो सांगत होता. बाबांना आता जवळजवळ दिसत नाही म्हणे, अंगठ्याने चाचपून रंधा मारतात. एकाच महोगनीच्या ओंडक्याचे दोन पातळ पापुद्रे पुस्तकासारखे उघडून दारावर बसवलेत, जाळ पेटल्यासारख्या रेषा दोन्हीकडे तंतोतंत जुळतात. सगळ्यांना बोलावून दाखवतात, "हात लावून बघा, सांधा सापडतो का! ही माझी शेवटची पेटी."

म्हणून ती तू मोडणार नाहीस. बाबा रोज तिच्यावरून हात फिरवणार.

तुझी तबकडीची मागणी आली तेव्हा मालक कारखानाभर ओरडला होता, "ए ॲफ्लेक, तुझाच कोणीतरी आडनाववाला लग्न करतोय! तबकडीवरच्या कमानीत नवराबायको हवेत, पाळणा हलता. बाई तांबड्या केसांची, गालावर तीळ!" सगळे हसले. मीही हसलो. ती तबकडी माझ्याच हातून रंगणार हे ठाऊक असून तू तीळसुद्धा लिहून पाठवलास. भाऊ असावा तर असा.

आणि मी रंगवली, मन लावून. मला वाटलं, माझी वाट बघून थकली असेल बिचारी ग्रिझेल.

मग टॅम आला. मला बघून म्हणाला, "काय रे आर्ची, बायको कुठाय तुझी?"

"कुठली बायको?"

"अरे, वॉल्टर तर सांगतो, तू इथे भट्टीवरच्या पोरीशी लग्न केलंस. ग्रिझेल रडून रडून आजारी पडली होती."

त्या दिवशी मी बाईची मान कापून वेगळी केली. घाबरू नकोस, पत्र्याची. पाळण्याच्या तारेलाच मागून जोडली. लंबक हलला की पाळणा हलतो आणि मान डावी-उजवी होते. नाही. नाही. नाही. नवरा शेजारी हसतमुख उभा.

खोकं उघडून तू जोडणी केलीस तेव्हा ते पाहिलं असशीलच. लग्न दोन दिवसांवर येईल असंच खोकं धाडलं होतं, दुसरी तबकडी कुठून आणणार! तार सोडवली असशील, तर मान नवऱ्यापासून पलीकडे कलून थांबली असेल. मागे शिसं लावलंय, तसंच तोलून. मानच उपटलीस तर बिनमुंडीची बायको. रंग खरवडायला जाऊ नकोस, भट्टीत भाजलाय, खालचा पत्रा उघडा पडेल आणि गाव विचारेल.

ग्रिझेलला त्याच खोलीत बसून शिवणकाम करावं लागेल, हे मला कळतं. पोरं विचारतील, आई, ही बाई नाही का म्हणते?

एक सांगायचं राहिलं. टॅम परत निघाला तेव्हा लग्नाला महिना होता. गाडीवर चढताना म्हणाला, "मग तिला जाऊन सांगतो, तू अजून एकटाच आहेस. मोडेल लगेच लग्न. सांगू ना?"

माझ्या हातात ती मान होती, रंग ओला होता. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

मी म्हणालो, "नको."

तुझ्याच आईच्या पोटचा,
आर्ची