नाल्ले नावाचा माझा नवरा

१४ ऑक्टो. २००६, शनि.
विंटर टायर्स लावून झाले. अजून बर्फाचा पत्ता नाही, पण ह्यांचा स्वभाव. जेवण झालं की हे बेसमेंटमध्ये. रिटायर झाल्यापासून तेच ऑफिस. काय करता विचारलं तर ‘बातम्या वाचतो’.
आज लाँड्री घेऊन खाली गेले. हे वॉशरूममध्ये, कॉम्प्युटर चालू. बातम्या नव्हत्या. निळं-पिवळं पान, वर नाव ‘काफेबूर्ड’. कुणीतरी लिहिलेलं, नाल्ले, बरेच दिवस दिसला नाहीस, तब्येत ठीक ना? खाली उत्तर: ठीक आहे, बायकोबरोबर बागेतली पानं गोळा करत होतो.
बाग आमची. बायको मी.
कपडे मशीनमध्ये टाकले, वर आले. आमटी थोडी खारट झाली.

१७ ऑक्टो., मंगळ
हे मॉलमध्ये चालायला गेले की मी खाली.
काफेबूर्ड म्हणजे कॉफीचं टेबल. स्वीडनबद्दल गप्पा मारणारे लोक. बरेचसे इथलेच, कॅनडातले. कुणाचे आजी-आजोबा तिकडून आलेले, कुणाला तिकडचं विणकाम आवडतं, कुणी भाषा शिकतंय. सगळं इंग्लिशमध्ये, मधूनमधून स्वीडिश. आणि नाल्ले सगळ्यांचा लाडका. जुन्या शब्दाचा अर्थ हवा, विचार नाल्लेला.
लग्नाआधी हे दोन वर्षं स्वीडनला होते, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात ट्रेनिंगला. मग कॅनडा, मग मी. मला एवढंच सांगितलेलं की थंडी फार आणि बटाटे फार. तिथे मात्र पानंच्या पानं. घरमालकीण तांत सिंग्ने, म्हणजे सिंग्नेकाकू. हे खोली बघायला गेले तर जिन्यात वेलदोड्याचा वास. ते लोक पावात घालतात म्हणे. ‘वास आला आणि खोली न बघताच हो म्हटलं.’ आणि हे: ‘पहिल्या हिवाळ्यात दर रविवारी स्टेशनवर जाऊन बसायचो. गाडी पकडायची नसायची. माणसं बोलताना ऐकायची असायची.’
पस्तीस वर्षांचा संसार. हे मला नाही सांगितलं. राग आला की मत्सर वाटला, कळेना. मग कळलं, दोन्ही नाही. त्या पोराला स्टेशनवरून घरी घेऊन यावंसं वाटलं.

१९ ऑक्टो., गुरु
लपवाछपवी जमत नाही मला. जेवताना विचारलं, अहो, नाल्ले म्हणजे काय?
ह्यांच्या हातातला डाव भातात तसाच राहिला. मग म्हणाले, अस्वलाचं पिल्लू. मुलं खेळतात तसलं. पहिल्या थंडीत सेकंडहँड तपकिरी कोट घेतलेला, पायापर्यंत. तांत सिंग्नेने तेच नाव ठेवलं.
‘तुम्ही कोण ते त्यांना माहीत आहे का?’
‘कोणी विचारलं नाही.’
त्यांना सगळ्यांना वाटतंय की नाल्ले म्हणजे तिकडून आलेला म्हातारा स्वीड. ह्यांनी तसं कुठे लिहिलेलं नाही. पण ‘तिकडे आमच्यात असं करायचे’ वगैरे जपून जपून लिहिलंय, ते वाचून दुसरं काय वाटणार?

२ नोव्हें.
आता हे मला वाचून दाखवतात. चहा खालीच नेते.
आज एर्नीचं. एर्नी केनोराजवळचा, तळ्याकाठी एकटा राहतो. बायको मार्ज दोन वर्षांपूर्वी गेली. आजी स्वीडनची, पण ह्याला भाषा येत नाही, नुसते कानावर पडलेले आवाज. आजी त्याला ‘लिलगोबिन’ असं काहीतरी म्हणायची. खायला बसला की म्हणायची, आणि इंग्लिशमध्ये गॉबल म्हणजे बकाबका खाणं, म्हणून साठ वर्षं त्याची समजूत की आजी आपल्याला हावरा म्हणते. ह्यांनी मागच्या वर्षी सांगितलं, अरे, ते ‘लिला गुबेन’. छोटा म्हातारा. लहान मुलाला लाडाने म्हणतात.
एर्नीचं उत्तर एका ओळीचं होतं. मला आज बाहेर जाऊन जरा लाकडं फोडावी लागतील.
तेव्हापासून रोज ह्यांना लिहितो. बायकोच्या शेवटच्या दिवसांबद्दलही. हे वाचताना ह्यांचा आवाज बदलतो.

१३ डिसें., बुध
आज तिकडचा लुसियाचा सण. केशराचे पाव, एस् अक्षरासारखे वळलेले, दोन टोकांना दोन मनुका. ह्यांनी स्वतः केले, केशर आपल्या इंडियन ग्रोसरीतलं. घरभर श्रीखंडाचा वास. फोटो काढून काफेबूर्डवर टाकला. टाकण्याआधी फोटोच्या कडेला आलेला स्वतःचा हात फोटोतून कापला.
मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं.

१६ डिसें., शनि.
टोरोंटोहून लेकीचा, मंजिरीचा फोन. तिला सांगितलं तर हसत सुटली. बाबा, यू आर पासिंग अ‍ॅज अ स्वीड? दॅट्स हिलेरियस. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बर्फाचं शोव्हल घेऊन बाहेर गेले. ड्राइव्हवे सकाळीच साफ केला होता.
संध्याकाळी हे आपणहून बोलले. ‘कुमुद, मी ह्या देशात आल्यापासून तू मूळचा कुठला ह्याचं उत्तर देतोय. ऑफिसात, दुकानात, लिफ्टमध्ये. उत्तर दिलं की गप्पा तिथेच संपतात, नाहीतर करीवर येतात. तिथे मला कोणी विचारत नाही. तिथे मला तांत सिंग्नेबद्दल विचारतात.’
मग म्हणाले, सांगितलं तर पुन्हा तेच सुरू होईल.
मी पोळ्या लाटत राहिले.

५ फेब्रु. २००७, सोम
उणे बत्तीस. रात्रभर इंजिनचा हीटर प्लगला लावूनही गाडी कुरकुरली.
एर्नीने लिहिलंय, हृदयाची बायपास. केनोरात होत नाही, आमच्या शहरात आणताहेत, शुक्रवारी ऑपरेशन. ‘नाल्ले, तू त्याच शहरातला ना? गुरुवारी येऊन बस माझ्याजवळ. घाबरलोय, हे मुलीला सांगितलेलं नाही.’
हे दिवसभर खाली. उत्तर टाइप करायचं, पुसायचं. मला दोनदा विचारलं, फ्लू झालाय म्हणून सांगू का. मी चहा ठेवून वर आले.

७ फेब्रु., बुध
उत्तर गेलं. ‘येतो.’ एवढंच.
संध्याकाळी पीठ भिजवायला घेतलं ह्यांनी. वेलदोडे मी कुटून दिले.

८ फेब्रु., गुरु
लिहून ठेवते, नाहीतर उद्या वेगळंच आठवेल.
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये इतकी वर्षं नोकरी केली, तरी आज त्या कॉरिडॉरमध्ये दोनदा वाट चुकले. एर्नी खिडकीशी. मोठा माणूस, हात फावड्यासारखे. शेजारी त्याची मुलगी कॅरल. ह्यांनी सूट घातलेला, टाय. का, देव जाणे. एर्नी म्हणाला, डॉक्टर, तुम्ही सकाळी येऊन गेलात ना?
हे पलंगाशी गेले. ‘गुदाग, एर्नी.’ आणि मग स्वीडिशमध्येच आणखी काहीतरी. त्यातला नाल्ले शब्द मला कळला.
एर्नीने ह्यांच्या मागे दुसरं कोणी आहे का, ते बघितलं. कॅरल उगाच पाण्याचा ग्लास सरकवत राहिली. ह्यांनी इंग्लिशमध्ये सांगितलं, माझं नाव श्रीधर, मी नागपूरचा, तिकडे दोन वर्षं होतो, बाकी लिहिलं ते सगळं खरं आहे.
तो म्हणाला, ‘मार्जचं शेवटचं दुखणं मी तुला सांगितलं. माझ्या मुलीलाही नाही सांगितलं ते. आणि तू मला तुझं नाव नाही सांगितलंस.’
ओरडला नाही. हळू म्हणाला. मग तोंड खिडकीकडे.
आम्ही थर्मास आणि पावाचा डबा टेबलावर ठेवून निघालो. कॅरल लिफ्टपर्यंत आली, सॉरी म्हणाली. खरं तर कोणी कोणाला म्हणायचं.
घराजवळ आल्यावर हे म्हणाले, त्याला माझ्या रंगाचं काही वाटलं नाही गं. मी त्याच भीतीने बसलो होतो, आणि त्याचं दुखणं निराळंच निघालं.

९ फेब्रु., शुक्र
ऑपरेशनचा दिवस. मी देवापाशी दिवा लावला. हे देवाबिवाचे नाहीत, पण तिथून हलले नाहीत.
दुपारी कॅरलचा फोन, नीट पार पडलं.

१३ फेब्रु., मंगळ
कॅरलचा पुन्हा फोन. वडील विचारताहेत, तो येणार आहे का. नाव घेता येत नाही म्हणून नुसतं ‘तो’.
हे एकटे गेले. मी जाते म्हटलं नाही, त्यांनी चल म्हटलं नाही. आले तेव्हा चेहरा थकलेला, पण टाय काढून खिशात कोंबलेला. सगळं सांगितलं नाही. एवढं कळलं की एर्नीने आधी नाव बोलायला शिकून घेतलं. श्री-दार, श्री-दार, नर्सलाही म्हणायला लावलं. मग स्टेशनच्या त्या रविवारांबद्दल पुन्हा पहिल्यापासून विचारलं. ह्या वेळी खरं सांग म्हणाला. ह्यांनी सांगितलं. स्टेशनवरच्या कुणी त्यांच्याशी कधी बोललं नाही, हेही सांगितलं. हे काफेबूर्डवर नव्हतं.
निघताना एर्नी म्हणाला, बाकीच्यांना मी सांगणार नाही, ते तुझं काम आहे.

१८ फेब्रु., रवि
हे सकाळपासून लिहीत होते. मला वाचायला बोलावलं. मी दोन स्पेलिंगं सुधारली, बाकी हात लावला नाही.
‘माझं नाव श्रीधर. नागपूरचा. नाल्ले हे नाव तांत सिंग्नेने दिलं. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे कोणी विचारू नये अशा बेताने लिहीत होतो.’ खाली ६६ सालचा फोटो. तपकिरी कोटात एक बारका मुलगा, नुसतं नाक आणि डोळे. हा फोटो मी आज पहिल्यांदा बघितला. कुठे ठेवला होता विचारलं तर टूलबॉक्समध्ये.
बटण मलाच दाबायला लावलं.

२० फेब्रु., मंगळ
भराभर उत्तरं. बहुतेक प्रेमाची. काहींनी कोटाचीच तारीफ केली. गुनिला, ओटावाची, सगळं काफेबूर्ड तीच चालवते, जन्माने तिकडची. तिने लिहिलं, तुझं स्वीडिश माझ्या आईच्या काळातलं आहे, आता तिकडेही असं कोणी बोलत नाही, कृपा करून थांबू नकोस. हे चष्मा पुसत बसले.
आणि ब्रँडनचा रॉय. जुना मेंबर, ह्यांच्याशी तिकडच्या विळ्या-कोयत्यांवर तासन्‌तास लिहायचा. त्याची एकच ओळ: ‘मला वाटलं होतं मी माझ्याच माणसाशी बोलतोय.’
माझं डोकं तापलं. हे म्हणाले, त्याला तसं वाटलं, ते लिहिलं, त्यात खोटं काय?
मी म्हटलं, मग तुम्ही कोणाचे?
हे मी विचारायला नको होतं.

४ मार्च
हे खाली जात नाहीत. टीव्ही लावून बसतात, बघत नाहीत. मॉलमध्येही दोन फेऱ्या कमीच. मीच जाऊन वाचते. रॉयने त्यानंतर काही लिहिलेलं नाही. लोक विचारताहेत, नाल्ले कुठे आहे. एका बाईने एक शब्द विचारलाय, आईच्या पाककृतीच्या वहीतला, कुणालाच सांगता येत नाहीये.
तो शब्द कागदावर उतरवून ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. वाचून म्हणाले, हात्तिच्या, हे तर साधं विरजण आहे. आणि उठले. जिन्यावरून खाली जाताना पावलं ऐकली.

२४ जून, रवि
काल केनोराला गेलो. एर्नीच्या तळ्यावर मिडसोमार, म्हणजे तिकडचा उन्हाळ्याचा सण. खांबाला पानंफुलं बांधून उभा करायचा, भोवती नाचायचं. काफेबूर्डचे वीसेक लोक असतील. एकमेकांची खरी नावं शिकण्यातच पहिला तास गेला, म्हणजे आम्हीच एकटे नव्हतो. गुनिला ओटावाहून आलेली, मला वाटली त्यापेक्षा बुटकी. मिठी मारून म्हणाली, बायको ती तूच, पानं गोळा करणारी.
एर्नी वाळलाय. वजन उचलायची बंदी, म्हणून खुर्चीत बसून हुकूम सोडत होता. येईल त्याला सांगायचा, हा श्री-दार. एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, तुझा नवरा फार हळू बोलतो, तू कसं ऐकतेस? मी म्हटलं, मलाही वर्षं लागली.
रॉय आला होता. येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. उंच, कडक, टोपी काढली नाही. ह्यांच्या बाजूलाही आला नाही, ह्यांना टाळून गेलाही नाही. खांब उचलताना दोघं दोन टोकांना.
जेवायला ताटल्या भरून लोक बाकांवर बसले. मासे मी चाखले नाहीत, बटाटे मात्र छान होते, शेपू घातलेले. मी आणि कॅरल एका बाकावर, माझ्या शेजारी ह्यांच्यासाठी जागा ठेवलेली. रॉय तळ्याजवळच्या बाकावर एकटाच, पाय लांब पसरून, पाण्याकडे तोंड.
हे ताटली घेऊन मधेच उभे. माझ्याकडे बघितलं. मी शेजारची जागा हाताने झाडली. पण हे तळ्याकडे वळले. सावकाश, वाटेत कॉफी सांडू नये अशा बेताने. बाकाजवळ जाऊन थांबले. काही बोलले असतील तर इथून ऐकू आलं नाही.
रॉयने वर बघितलं नाही. पसरलेले पाय आत घेतले. हे बसले.